वाफसा कोणाच्या हाती?

खानदेशच्या काळ्या जमिनीची थोरवी सांगताना तिच्या रंगाची आणि खोलीची वाखाणणी होते. तिच्यातील पोकळीची कोणी करीत नाही. वस्तुतः चांगल्या घडणीच्या जमिनीत जवळजवळ निम्मी जागा छिद्रांची असते. मोठ्या छिद्रांतून जादा पाणी निथळते व हवा खेळते, बारीक छिद्रांत पिकासाठी ओल राहते. हा मेळ बसला म्हणजे आपला शेतकरी ‘वाफसा आला’ असे म्हणतो. तापीकाठच्या भारी चिकणमातीत तो फार नाजूक असतो. ही माती भिजली की फुगते, छिद्रे मिटतात, मुळांचा श्वास कोंडतो. पाणी साचून राहिले तर हवेवाचून जगणारे जिवाणू नत्राचा वायू करतात. म्हणजे कर्ज काढून आणलेला युरिया रावेरच्या केळीला किंवा शिंदखेड्याच्या कपाशीला न मिळता हवेत जातो.

ही छिद्रे सेंद्रिय द्रव्य, मुळे आणि गांडुळे यांच्या आधाराने टिकतात. ती घडायला वर्षे लागतात. मोडायला ओल्या रानात फिरलेला एक ट्रॅक्टर पुरतो. हे न कळण्याइतका शेतकरी अडाणी आहे काय? मुळीच नाही. पण ज्याच्याकडे बैलजोडी उरली नाही, त्याला भाड्याचा ट्रॅक्टर ज्या दिवशी मिळेल तो दिवस साधावा लागतो. वाफशाची वाट पाहणे ही आता ऐपतीची गोष्ट झाली आहे.

त्याहून बिकट स्थिती बटाईने किंवा खंडाने कसणाऱ्याची. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळाला मालकी देऊ केली, हे त्या पिढीचे मोठे काम होते. परंतु कुळाचे नाव सातबाऱ्यावर लागेल या धास्तीने पुढे व्यवहार तोंडी होऊ लागले. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याने दहा गाड्या शेणखत कोणासाठी ओतावे? तो युरियाच टाकणार. त्याचा उपयोग याच हंगामात होतो आणि त्यावर सरकारी अनुदानही आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबींची नोंद होते. सेंद्रिय कर्ब त्यात आहे, एवढे बरे. पण माती किती घट्ट झाली, पाणी किती वेगाने मुरते, याला रकाना नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत पिके आणि पाणी यांचा निर्णय बागाईतदार एकत्रितपणे घेत. फडाफडांतून पिकांची फेरपालट होई आणि पाटकरी पाळीने पाणी देई. जमिनीला विसावा मिळे, तो या शिस्तीमुळे. त्या व्यवस्थेत पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला होता, भूमिहीनाला नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण जमिनीची निगा ही एकट्यादुकट्याची बाब नाही, हे तिला कळले होते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव तोंडी बटाईदारांची यादी करावी. किमान पाच वर्षांचा लेखी करार, त्या मुदतीत बेदखलीपासून संरक्षण, आणि शेणखत व तागाच्या बियाण्याला कसणाऱ्याच्या नावे अनुदान, या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात याव्यात. ठरावाला विरोध कोण करतो, तेही लिहून ठेवावे.