एकशेवीस तासांचे पत्र

गणेशोत्सवानंतर कार्यकारिणीने घेतलेल्या निर्णयावरून व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे काही झाले, ते सर्वांनी वाचले आहेच; त्याची उजळणी येथे नको. पण ‘मंडळ आपल्याच मुलांना आडवे आले’ हा आरोप लखनऊत सरोजिनी नगरपासून गोमती नगरपर्यंत फिरतो आहे, तेव्हा आमची बाजू मांडणे भाग आहे.

मागणी अशी होती की, उत्सवात राबलेल्या कॉलेजच्या मुलांना १२० तासांच्या इंटर्नशिपचे पत्र द्यावे, म्हणजे चार क्रेडिट पदरात पडतील. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट धरतात. दहा दिवस रोज तीन तास मांडवात काढले, तरी तीसच भरतात. काही मुले त्याहून कितीतरी जास्त राबली, हे मान्य. रात्री बारानंतर प्रसादाची पातेली कोणी घासली, हे आम्ही पाहिले आहे. काही जण मात्र आरतीला उगवत आणि मोदक हातात पडताच मावळत. दोघांना एकच पत्र कसे द्यायचे? म्हणून ठरले की, हजेरीवहीत असतील तेवढेच तास लिहायचे, आणि तेही कॉलेजने आधी लेखी होकार दिला असेल तरच. शिवाय नुसते तास भरून क्रेडिट मिळत नाही, मूल्यमापन व्हावे लागते. ते करणारे आपण कोण?

काही ज्येष्ठांचे म्हणणे नेमके उलट आहे : गणपतीच्या सेवेचे गुण कसले मागता? त्यांच्या भावनेचा आम्हाला आदरच आहे. पण शिकलेल्या विद्येला रीतसर मान्यता असावी, ही धडपड आजची नाही. मुंबईची वकिली सोडून संगीताकडे वळलेल्या पं. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली याच शहरात मॅरिस कॉलेज उभे राहिले, ते घराण्यांतली विद्या अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या चौकटीत यावी म्हणूनच. परीक्षा त्यांनी टाळली नाही, एवढे पत्र मागणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

क्रेडिटचे सरळ मार्ग आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स फुकट शिकता येतात, त्यातल्या एनपीटेलच्या परीक्षेला कोर्समागे हजार रुपये पडतात आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट मिळतात. ‘स्वयम्’बाबतच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे करता येतात, मात्र विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला हवा. विटा-खानापूरकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई कुटुंबांतली मुले कॉलेज करून संध्याकाळी दुकानात मुशीपाशी बसतात. त्या अनुभवालाही नव्या आराखड्यात जागा आहे. अट पुन्हा मूल्यमापनाचीच.

हे सगळे सांगायला आपण सरोजिनी नगरात माहितीसत्र ठेवले होते. पोहे आणि खुर्च्या, दोन्ही उरले. गटावर सर्वांत लांबलचक संदेश लिहिणाऱ्यांपैकी एकही जण फिरकला नाही. कोणा एकाला उद्देशून हे लिहीत नाही.

जे आले, त्यांची मात्र एक अडचण सुटली. क्रेडिट जिथे जमा होतात, त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते डिजिलॉकरवरून काढताना आधार आणि कॉलेज यांच्याकडचे नाव जुळत नाही. आपल्याकडे मध्ये वडिलांचे नाव; इथल्या कॉलेजच्या दाखल्यावर नुसते नाव-आडनाव. नावाची दुरुस्ती परीक्षेच्या तोंडावर नव्हे, आत्ताच करून घ्यावी.

पुढचे सत्र दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, त्याच जागी. अमौसी मेट्रोवरून गाडी हवी असल्यास चिटणीसांना आदल्या दिवशी कळवावे. आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असावा. मागच्या खेपेला एकाचा ओटीपी आईच्या फोनवर आणि आई कानपूरला, असे झाले. वर्गणी राहिलेल्यांना खजिनदार तिथेच भेटतील. पावती लगेच मिळेल.