सोसायटीच्या गेटवर कोल्हा: तो शहरात आला की शहर त्याच्याकडे गेलं?

खारघरच्या खाडीकाठी रात्री फिरणाऱ्या कोल्ह्याचा व्हिडीओ तुम्हीही पाहिला असेल. त्याखाली कमेंट ठरलेली: 'जंगल सोडून शहरात घुसला!' खरं तर सोनेरी कोल्हा पनवेल-उरणच्या कांदळवनात आधीपासून राहतो. सोसायट्या नंतर आल्या.

मग आताच का दिसतो?
खेकडे, उंदीर, पक्षी, फळं, कोल्ह्याला काहीही चालतं. पिल्लांच्या बिळासाठी मात्र भरतीचं पाणी न पोचणारी कोरडी जागा लागते. बांधकामालाही तीच हवी असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडायला बंदी केली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखला. त्यापलीकडच्या माळाला हे संरक्षण नाही.

पुढे काय?
जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे गेली. म्हणजे जमिनीवरचा ताण वाढणारच.

खरा धोका कोणता?
उघडा कचरा. तिथे कोल्हा आणि भटकी कुत्री समोरासमोर येतात आणि आजार इकडून तिकडे जातात. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर परिसरातल्या कोल्ह्यात रेबीज आढळला होता.

तुम्ही काय कराल?
कोल्हा दिसला तर खायला टाकू नका, मागे धावू नका. तो जखमी किंवा विचित्र वागताना दिसला तर वन विभागाच्या १९२६ वर कळवा. चावलाच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांना झाकणं मागा.