झिणझिण्या : विजेचा पहिला इशारा

गृहिणींनो, फ्रीजच्या दाराला हात लावताच बोटांना झिणझिण्या येतात, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘चपला घालून उघडा, म्हणजे काही होत नाही.’ ही समजूत घातक होय. आतील तारेचे आवरण झिजले वा ओल शिरली, की वीज यंत्राच्या पत्र्यात उतरते. अर्थिंग सुस्थितीत असल्यास ती जमिनीत निघून जाते. अर्थिंग तुटलेले असल्यास ती माणसाच्या देहातून वाट काढते. आज चपलांमुळे जी केवळ झिणझिणी भासते, ती उद्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या मुलाचे प्राण घेईल. घरातील वीज २३० व्होल्टची असते.

म्हणून त्या वस्तूला पुन्हा स्पर्श न करता मेन स्विच बंद करावा, मग प्लग काढावा आणि जाणत्या वायरमनकडून वस्तू व अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज अशी गळू लागताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. साध्या फ्यूजला एवढी अल्प गळती कळत नाही. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’चे बटन अधूनमधून दाबावे, खटका न पडल्यास तो बदलावा.

कोणी विजेला चिकटलेच, तर मायेपोटी त्यास धरू नये, धरणाराही सापडतो. आधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुरुस्ती होईपर्यंत फ्रीज बंद राहिला, तर फार तर दूध नासेल. ते खुशाल नासू द्यावे.