नकाशा आहे, पण आपला वाडा कुठे?

गोव्यातील झोन बदलाचा प्रत्येक वाद अखेर एका नकाशापाशी येऊन थांबतो. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ मध्ये हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत ठेवली गेली. एवढ्या अवधीत पेडण्याच्या शेतकऱ्याला आपला सर्व्हे क्रमांक प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये कोणत्या रंगात आहे, शेजारच्या डोंगरउताराचे काय होणार आहे, हे मोबाईलवर दिसायला हवे. त्याच्या हाती अख्ख्या तालुक्याची पीडीएफ दिली, तर ती उघडेपर्यंतच निम्मा उत्साह मावळतो.

वास्तविक हा प्रश्न तंत्रज्ञांनी केव्हाच सोडवला आहे. २००५ मध्ये गूगल मॅप्सने रूढ केलेली युक्ती साधी होती: नकाशाचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे आधीच करून ठेवायचे आणि पडद्यावर मावतील तेवढेच पाठवायचे. शून्य पातळीवर सारे जग एका तुकड्यात बसते, पुढे दर पातळीला संख्या चौपट होते. पंधराव्या पातळीवर ती १०७ कोटींच्या पुढे जाते. इतके तुकडे सांभाळणे जिकिरीचे. मागणीनुसार ते कापून देणारा सर्व्हर अहोरात्र चालवणेही खर्चिक.

अलीकडची पीएमटाइल्स पद्धत सर्व तुकडे एकाच फाइलमध्ये ठेवते आणि आरंभी त्यांची सूची देते. ब्राउझर आधी सूची वाचतो, मग फाइलचा नेमका तेवढाच अंश मागवतो. असा अंश मागण्याची सोय १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून आहे! ओपनस्ट्रीटमॅपचे संपूर्ण जग अशा शंभर जीबीहून मोठ्या फाइलमध्ये मावते. पण पेडणे पाहणाऱ्याला त्यातील नगण्य भागच उतरवावा लागतो. फाइल ठेवायला साधी साठवणूक पुरते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याने खर्चाची सबब सांगणे म्हणूनच पटत नाही.

मात्र तुकड्यांनी सारे भागत नाही. दुरून पाहताना गर्दी टाळण्यासाठी लहान तळी, पायवाटा, देवराया वगळल्या जातात, सीमारेषा सरळ केल्या जातात. काय वगळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. तो निकष जाहीर हवा. तसेच, तुकडा पाहण्यापुरता ठीक. तालुक्यात एकूण किती शेतजमीन सेटलमेंटमध्ये गेली, हे मोजायचे तर मूळ माहितीसाठाच लागतो.

त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली, की त्याच पत्त्यावर नवा नकाशा दिसू लागतो आणि कालचा रंग मागमूस न ठेवता नाहीसा होतो. हरकत घेणाऱ्याकडे मग तुलनेला काहीच उरत नाही. तेव्हा प्रत्येक आवृत्ती तारखेसह जतन व्हावी, जुनीही त्याच पानावर उघडावी आणि मूळ साठा कोणालाही उतरवून घेता यावा, एवढी अट नगरनियोजन खात्याने नियमांतच घालावी.