तारेच्या कुंपणाआडचा इतिहास

चार हुतात्म्यांची आठवण सोलापूरकरांना नव्याने करून द्यावी लागत नाही. १९३० चा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा, हा सारा इतिहास शहराने भर चौकात पुतळ्यांच्या रूपाने जपला आहे. ते उचितच झाले. परंतु त्याच काळात, त्याच शहराच्या कडेला, कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसताना हजारो स्त्री-पुरुष तारेच्या कुंपणाआड कोंडले गेले होते, याची साक्ष देणारे शहरात काय आहे? 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव तेवढे उरले आहे. ते उच्चारताना त्यातला अर्थ कोणाच्या मनातही येत नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यावरही आवळला. कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींत जन्म घेणे हाच अपराध ठरला. बोटांचे ठसे घ्यायचे, दिवसातून ठरल्या वेळी हजेरी लावायची, पासावाचून हद्द ओलांडायची नाही! जात्यांना टाकी लावणारे, टोपल्या विणणारे, फासे टाकून शिकार करणारे हे लोक. रेल्वे आली, जंगलाचे कायदे आले आणि त्यांचे धंदे बुडाले. त्या बुडालेल्या धंद्यांचा जाब सरकारला कोणी विचारला नाही. माणसांना मात्र चोर ठरवण्यात आले. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. सुधारणा हा तिचा घोषित हेतू होता. पण याच वसाहतीने शहराच्या कापड गिरण्यांना पळून जाऊ न शकणारे मजूर पुरवले, हा त्या हेतूचा आर्थिक पाया लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. ज्या गिरण्यांच्या भोंग्याची आठवण काढून सोलापूर आजही हळवे होते, त्या गिरण्यांच्या वैभवात या बंदिवान घामाचा वाटा आहे.

असा इतिहास भिंतीवर आणण्याची रीत जगात इतरत्र आहे. ऑस्ट्रेलियात १९८३ साली सिडनीच्या रेडफर्न स्टेशनासमोर पुलाच्या भिंतीवर तेथील मूलनिवासींचा हजारो वर्षांचा इतिहास चितारला गेला. कॅरोल रफ या चित्रकर्तीने वस्तीतील लोकांना बरोबर घेऊन ते काम केले. मेलबर्नच्या थॉर्नबरी भागातील भित्तिचित्रात गळ्यात साखळदंड अडकवलेले मूलनिवासी कैदीही आहेत. उत्सवाच्या रंगात ती साखळी झाकून टाकावी असे तेथील लोकांना वाटले नाही.

आपल्याकडे भिंती रंगत नाहीत असे मुळीच नाही. स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या आणि महाराष्ट्रातील शहरांच्या भिंती वारली नर्तकांनी भरून गेल्या. डहाणू-तलासरीच्या झोपडीत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने ज्या देवतेचा चौक लिहितात, तिची आकृती येथे संरक्षक भिंतीची निव्वळ वेलबुट्टी झाली. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठलेला वारली त्या भिंतींवर दिसत नाही. नाचणारा आदिवासी नगरपालिकेला चालतो. उठलेला आदिवासी तिच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

म्हणूनच सेटलमेंटच्या वस्तीत भित्तिचित्र व्हायचे असेल तर ते कंत्राटदाराच्या हाती जाता कामा नये. काय काढायचे आणि काय गाळायचे, हे वस्तीने ठरवावे. रंगाचा आणि भिंतीच्या डागडुजीचा खर्च महापालिकेने सोसावा. यावर एक आक्षेप निघेल, आणि तो वस्तीतूनच निघेल. नोकरी मागायला गेलेल्या ज्या तरुणाला पत्ता सांगताना आवाज खाली करावा लागतो, तो विचारील की, हा डाग पुन्हा मोठ्या अक्षरांत कशाला लिहायचा? त्याचा प्रश्न झिडकारण्यासारखा नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळवले, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावरच जातात, हे त्याला पुस्तके न वाचताही ठाऊक आहे. त्याला एवढेच सांगता येईल की लाज वाटायची तर ती कायदा करणाऱ्यांना वाटली पाहिजे, आणि ते भिंतीवर स्पष्ट दिसले पाहिजे. तरीही वस्तीने नको म्हटले तर भिंत कोरी राहू द्यावी. जातीचे दाखले, घरांच्या जागा आणि मुलांच्या शाळा यांची लढाई तर चित्र झाले काय आणि न झाले काय, चालवावीच लागणार आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशातून गेला. तो दिवस विमुक्त जमाती आपला मुक्तिदिन मानतात. ज्यांनी लहानपणी ते कुंपण पाहिले, आईचे बोट धरून हजेरीच्या रांगेत उभे राहिले, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत, आणि दर वर्षी त्यांतले काही कमी होत आहेत. रंगाच्या डब्यांची वाट न पाहता सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. पहारा कोठे होता, हजेरी कोठे लागे, कुंपण कोठून कोठवर गेले होते, याचा नकाशा त्यांच्याकडून या पावसाळ्यातच काढून घेतला पाहिजे.