वस्ताद पाहून पोराला तालमीत घाला

यात्रेच्या दिवसांत गावोगावी कुस्त्यांचे फड रंगतात. रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती पाहायला माणसे झाडांवर चढून बसतात. दुसऱ्या दिवशी सुलतानपूर-लोणारकडच्या एखाद्या घरात पोरगा म्हणतो, "बाबा, मला पैलवान व्हायचंय." बाप मजुरी करणारा. तो मनातल्या मनात दूध, तूप, बदाम यांचा हिशेब मांडतो आणि गप्प बसतो. बंधू-भगिनींनो, त्याचा हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे.

पैलवानकीत महिन्याचा पगार नाही. कुस्ती मारली तर इनाम, नाही तर हात हलवत घरी. गुडघा गेला की हंगाम गेला, खुराक मात्र रोज लागतो. तिशी ओलांडली की अंग साथ देईनासे होते. मग पुढे काय? याचे उत्तर एका नामवंत मल्लाच्या आयुष्यात सापडते.

हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. तिथून ते कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरवले. त्या कुस्तीचे नाव जुनी माणसे अजून काढतात.

पण शिकण्यासारखी गोष्ट यानंतरची आहे. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवू लागले. पोरे त्यांना 'मामा' म्हणत. तिकडे सतपाल दिल्लीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मल्लांनी २००८ आणि २०१२ मध्ये ऑलिंपिक पदके आणली. म्हणजे बेळगावात एक जिंकला, एक हरला. पण वस्ताद म्हणून दोघेही मोठे झाले. अंगातली ताकद दहा-बारा वर्षांची, शिकवलेली विद्या मात्र पुढच्या पिढीत चालत राहते.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे मामांच्या तालमीत वाढला. २०११ साली मामा वारले. अशा वेळी पोरे पांगतात. पण मामांचेच शिष्य, अर्जुन पुरस्कार मिळवलेले काका पवार यांनी राहुलला आपल्याकडे घेतले. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि ते बिराजदार मामांना अर्पण केले. २०१९ साली जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. पुढे तो महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाला.

म्हणून पोराला तालमीत घालण्याआधी आई-बापांनी वस्तादाला भेटावे. तालमीत मातीबरोबर मॅट आहे का, हे पाहावे. यात्रेतल्या मातीवर पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते; मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजतात. ज्याला मॅटची सवय नाही, तो यात्रेच्या इनामापुढे जाणे अवघड. पोराला मार लागला तर वस्ताद डॉक्टरकडे पाठवतो की दुसऱ्याच दिवशी जोर-बैठका काढायला लावतो, हेही जुन्या पोरांना विचारावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पोराची शाळा चालू राहते का? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण नुसते पदक दाखवून नोकरी मिळत नाही. त्या जागेला लागणारे शिक्षणही हवे. जो वस्ताद "पुस्तक ठेव बाजूला" म्हणतो, तो पोराचा अर्धा रस्ता बंद करतो.

खुराकाचे पैसे कमी पडले तर भाऊबंद, गावकरी मदत करतील. अनेक मल्ल असेच उभे राहिले आहेत. चुकीच्या हाताखाली गेलेली वर्षे मात्र कोणी परत देत नाही. तेव्हा पोरगा हट्ट धरून बसला असेल तर त्याला रागावू नका. त्याला बरोबर घ्या आणि आधी वस्ताद पाहून या.