आधी शोध, मग सजावट


परिभाषा कोशांच्या संकेतस्थळाचे रूपडे पालटून ते आकर्षक करावे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. मी फवारणी पंपांची माहितीपत्रके मराठीत लिहितो. आम्हाला फिरती चित्रे काय कामाची? हे कोश काढणारे राज्याचे भाषा संचालनालय १९६० पासूनचे. त्याचे विषयवार कोशांचे भांडार मोठे. शोधात ‘व्हॉल्व्ह’ टाकताच कृषिशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी अशा सगळ्या कोशांतले पर्याय एकाखाली एक दिसावेत, सोबत कोशाचे नाव नि आवृत्तीचे वर्ष. पाने हलकीच हवीत. रामनवमीच्या यात्रेत इथे नेटवर्क रडतखडत चालते आणि छापखानेवाला काही थांबत नाही. नवे संकेतस्थळ आखण्यापूर्वी रोज कोश चाळणाऱ्या अनुवादकांना विचारा.

— एक वाचक, पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशिम)